लाल पेनाआधी पेन्सिल

वाचकाचं पत्र

मी कोल्हापुरातल्या एका अनुदानित हायस्कूलमध्ये मराठी शिकवते. नववीच्या दोन तुकड्या आहेत, मिळून ११८ मुलं. प्रत्येक निबंधाची वही मी पहिल्या ओळीपासून तपासते, चुका दुरुस्त करते, खाली शेरा लिहिते. मुलं वही उघडतात, मार्क बघतात आणि दप्तरात टाकतात. पुढच्या निबंधात पुन्हा त्याच चुका. एका प्रशिक्षणात स्वयंमूल्यमापनाबद्दल ऐकलं, म्हणून दहा मुद्द्यांचा तक्ता झेरॉक्स करून वाटला. सुरुवात आकर्षक आहे का, मांडणी मुद्देसूद आहे का, शुद्धलेखन अचूक आहे का, असे मुद्दे होते. सगळ्यांनी सगळीकडे बरोबरची खूण केली. एकानं तर निबंध लिहायच्या आधीच तक्ता भरला होता. त्यात एका पालकांनी मुख्याध्यापकांकडं तक्रार केली की बाई वह्या तपासत नाहीत, पोरांनाच तपासायला लावतात. एका मुलानं तक्त्याखालच्या रिकाम्या जागेत फक्त 'सगळंच चुकलंय' असं लिहिलंय. त्याला काय उत्तर द्यावं ते सुचत नाही. हे सगळं बंद करून पहिल्यासारखं तपासत बसू का?
– एक शिक्षिका, कोल्हापूर

उत्तर

बाई, निबंध लिहायच्या आधीच तक्ता भरून मोकळं झालेल्या त्या पोराचा मला जराही राग आला नाही. उलट ११८ जणांत त्यालाच तो तक्ता नीट कळला असं माझं मत आहे. 'सुरुवात आकर्षक आहे का?' या प्रश्नाचं उत्तर द्यायला निबंध कशाला लागतो? बाईंनी विचारलंय म्हणजे हो म्हणायचं. आपण वर्गात 'कळलं का?' विचारतो तेव्हा साठ तोंडांतनं 'होऽऽ' येतं, तेच हे. फक्त झेरॉक्सवर.

(तुम्हाला 'मॅडम' म्हणायला हवं की काय कोण जाणे. माझी सगळी नोकरी 'बाई' म्हणवून घेण्यात गेली, तेच तोंडात बसलंय.)

बंद करू नका. पण पहिल्यासारखं तपासायलाही परत जाऊ नका. त्यातनं काय हाताला लागत होतं ते तुम्हीच लिहिलंय: मार्क बघायचे आणि वही दप्तरात.

माझाच एक किस्सा सांगते. 'विचार विस्कळीत' हा माझा लाडका शेरा होता. लिहायला सोपा, दिसायला भारदस्त. एका मुलीच्या वहीत एकाच सत्रात तो तीनदा पडला. तिसऱ्यांदा मी चिडले. तिला टेबलापाशी बोलावलं आणि म्हटलं, "तीनदा सांगून झालं, तरी विस्कळीतच?" तिचा चेहरा पडला. म्हणाली, "बाई, पण मी लई सुधारलंय की." आणि तिनं जूनमधली वही आणि ही वही शेजारी शेजारी ठेवून दाखवली. खरंच सुधारलं होतं. अक्षर! विस्कळीत म्हणजे विस्कटलेलं अक्षर असा तिनं अर्थ घेतला होता. तीन महिने बिचारी टपोऱ्या, मोत्यासारख्या अक्षरात तेच विस्कळीत विचार लिहीत होती. आणि मी तीन महिने तिला आळशी समजत होते.

त्या दिवशी घरी जाऊन मी माझेच जुने शेरे वाचत बसले. 'वर्णन अपुरे.' 'अधिक मुद्दे हवेत.' 'शेवट परिणामकारक नाही.' खोटं त्यात काहीच नव्हतं. पण पोरगं काय करायला गेलं होतं, कुठं अडलं होतं, यातलं काहीही ठाऊक नसताना मी उत्तरं लिहीत सुटले होते. न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर कोण वाचतंय?

स्वयंमूल्यमापनाचा उपयोग मला विचाराल तर एवढाच, की प्रश्न आधी पोराकडनं यावा. तुमच्या तक्त्यानं मुलांना छोटे परीक्षक केलं. आपल्याला परीक्षक नको आहेत, तो आपल्यातच भरपूर आहे. आपल्याला हवी आहे पोराची चिठ्ठी.

आता ती कशी मिळवायची ते सांगते. वह्या गोळा करण्याआधीची सात-आठ मिनिटं वर्गातच राखून ठेवा; घरून करून आणा म्हटलं की ताई नाहीतर क्लासचे सर करून देतात. पेन खाली, पेन्सिल हातात. आपलाच निबंध प्रत्येकानं पुटपुटत वाचायचा. साठ पोरं पुटपुटायला लागली की शेजारच्या वर्गाचे सर दारातनं डोकावतात. डोकावू द्यात. डोळ्यांना न दिसलेलं कानाला खटकतं, म्हणून तो गोंगाट हवाच. वाचताना जे वाक्य स्वतःला सगळ्यात बरं वाटलं त्याखाली नागमोडी रेघ ओढायची, एकच. जिथं लिहिताना अडलं किंवा आता वाचताना मनाला पटेना, तिथं समासात प्रश्नचिन्ह. तीही दोनच, नाहीतर समासभर आकडे लटकतात. आणि निबंधाखाली बाईंना तीन ओळी लिहायच्या: मला काय सांगायचं होतं, ते कुठं जमलं नाही, बाईंनी नेमकं काय बघावं. मार्क नाहीत, श्रेणी नाही, हसरे-रडके चेहरे तर मुळीच नाहीत.

पेन्सिल यासाठी की पेन हातात आलं की पोरांना पेपर आठवतो आणि मग ती आपल्याला हवं तेच लिहितात.

पहिल्या खेपेला तुमची निराशा होणार, हे आधीच सांगून ठेवते. माझ्या वर्गात निम्म्याहून जास्त वह्यांत 'शुद्धलेखन बघा' आणि 'अक्षर कसं आहे ते सांगा' एवढंच होतं. वर्षानुवर्षं आपण त्यांच्याशी वहीतनं याच दोन विषयांवर बोललो, मग पोरं तरी दुसरं काय विचारणार? दुसऱ्या खेपेला मी नियम केला: अक्षर आणि शुद्धलेखन सोडून काहीही विचारा. तेव्हा कुठं वह्या बोलायला लागल्या.

२६ जूनच्या शाहू जयंतीनंतर निबंध असायचाच. साठ वह्यांत गाईडमधलं एकच पहिलं वाक्य, महाराज थोर समाजसुधारक होते वगैरे. एका मुलाच्या वहीत नागमोडी रेघ भलत्याच ठिकाणी होती. प्रभातफेरी दसरा चौकात थांबली, पाऊस आला, आणि 'महाराजांच्या पुतळ्यावरून पाणी खाली येत होते तसे आमच्या टोपीवरूनपण येत होते' या वाक्याखाली. खरं सांगू? रेघ नसती तर मी ते वाक्य 'विषयांतर' म्हणून खोडलं असतं, आणि थोर समाजसुधारकाला बरोबरची खूण दिली असती. त्याच निबंधात पुढं होतं की महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं आणि मुलाला शाळेत न धाडणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला. समासात प्रश्नचिन्ह, आणि खालच्या ओळीत: 'बाई, एक रुपया दंड म्हणजे काहीच नाही. हे वाक्य लिहिताना हसू येत होते. कसे लिहू?'

बघा, माहिती बरोबर, वाक्य शुद्ध. लाल पेनाला इथं काही कामच नव्हतं. पण पोराला ते वाक्य आपलं वाटत नव्हतं आणि ते त्याला कळतही होतं. मी लिहिलं: 'शंका बरोबर आहे. आज एक रुपयात काय येतं ते आधी लिही. मग घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचार की त्यांच्या लहानपणी रुपयात काय यायचं, आणि ते लिही.' पुढच्या आठवड्यात त्यानं परिच्छेद बदलून आणला. 'आजी म्हणते एक रुपया म्हणजे आठवड्याचा बाजार. म्हणजे पोरगं शाळेत नाही पाठवलं तर महिन्यातला एक आठवडा चूल गारच.' आजीचं लहानपण १९१७ च्या कितीतरी नंतरचं, त्यामुळं हिशोब काही काटेकोर नव्हे. पण दंड कशासाठी असतो ते त्या वाक्यातनं कळतं, आणि ते कुठल्याही गाईडात नाही.

दुसरा मुलगा करवीर तालुक्यातल्या गावातनं एसटीनं यायचा. 'आमच्या गावचे गुऱ्हाळ' असा त्याचा निबंध, अवघ्या सहा ओळींचा. ऊस आला, घाण्यात घातला, रस काहिलीत ओतला, मळी काढली, गूळ झाला, आम्ही काकवी खाल्ली. माझा हात 'वर्णन वाढवा' लिहायला निघालाच होता. तेवढ्यात खालच्या तीन ओळी वाचल्या. 'मला गुळव्या मामांचे सांगायचे होते. ते पाक झाला का बघायला पाण्यात थेंब टाकतात आणि बोटाने गोळी करून बघतात. पण निबंधाचे नाव गुऱ्हाळ आहे म्हणून मामांचे लिहिले नाही.'

'वर्णन वाढवा' लिहिलं असतं तर त्यानं काय केलं असतं तुम्हीच सांगा. निसर्गरम्य वातावरण, हिरवीगार शेतं, मंद वारा. पोराकडं वर्णन हवं तेवढं होतं. निबंधात माणूस चालतो हेच त्याला ठाऊक नव्हतं. मी लिहिलं, 'मामांपासूनच सुरू कर. थेंब पाण्यात पडतो तिथनं.' झालं. अर्धा मिनिट लागला असेल.

आणि गुळव्याच, म्हणजे गूळ शिजवणारा कारागीरच, निघालाय म्हणून बोलते. पाक उतरवायची वेळ झाली हे त्याच्या हाताखालच्या पोराला कळतं कसं? 'पाक योग्य झाला पाहिजे' असा फलक चुलवाणावर लावून नव्हे. हंगामभर काहिलीशेजारी उभं राहून, कच्चा राहिलेला बघून, जास्त झालेला बघून, आणि थेंब स्वतःच्या बोटात चिमटून. 'मांडणी मुद्देसूद आहे का' हा तुमच्या तक्त्यातला प्रश्न म्हणजे तो फलक आहे. रॉइस सॅडलर या ऑस्ट्रेलियन अभ्यासकानं १९८९ साली नेमकं हेच मांडलं: चांगलं काम कसं दिसतं ते शिकणाऱ्याला कळलं पाहिजे, आपलं काम त्याच्याशेजारी ठेवून बघता आलं पाहिजे, आणि मधलं अंतर कमी करायला काहीतरी करता आलं पाहिजे. आपण पहिलं वगळतो आणि एकदम दुसरं मागतो. मग पोरं सगळीकडे खुणा करणार नाहीत तर काय?

त्यामुळं तक्ता वाटण्याआधी एक तास असा घालवा. फळ्यावर तीन उतारे लिहा, तुमचेच रचलेले. कुणा मुलाचा घेऊ नका, नाव पुसलं तरी वर्गाला अक्षरावरनं नाहीतर विषयावरनं कळतंच. माझे उतारे रंकाळ्यावर होते. पहिला असा: 'रंकाळा हे कोल्हापूरचे वैभव आहे. तेथील निसर्गसौंदर्य मनाला मोहून टाकते. सर्वांनी एकदा तरी तेथे भेट द्यावी.' दुसरा: 'रविवारी आम्ही रंकाळ्यावर गेलो. खूप गर्दी होती. भेळ खाल्ली. मज्जा आली. घरी आलो.' तिसरा: 'भेळवाल्याने कांदा चिरता चिरता वर न बघताच विचारले, तिखट? बाबा म्हणाले, इथलेच आहोत. तो हसला आणि चटणीचा आणखी एक चमचा टाकला.' मग विचारा, कुठला सगळ्यात चांगला आणि का.

माझ्या वर्गानं एकमुखानं पहिला निवडला. शुद्ध आहे, छापल्यासारखा आहे. मी काही बोलले नाही. मागच्या बाकावरचा एक जण म्हणाला, "बाई, पहिल्यात रंकाळ्याच्या जागी पन्हाळा लिहिलं तरी चालतंय की." वर्ग हसला. मग दुसरा म्हणाला ताजमहालपण चालतंय. तिथनं जी भांडाभांडी झाली तिच्यातनं आमचे तीन प्रश्न निघाले, पोरांच्याच शब्दांत. हे वाक्य दुसऱ्या गावाला लावलं तर चालतंय का? वाचणाऱ्याला दिसतंय का नुसतं कळतंय? 'मज्जा आली' लिहिलंय, पण वाचणाऱ्याला आली का? तुमच्या दहा मुद्द्यांच्या जागी हे तीन लावा. म्हणजे हेच लावा असं नव्हे, तुमच्या वर्गातनं जे निघतील ते. माझे प्रश्न तुमच्या पोरांना दिलेत तर तो आणखी एक तक्ताच होईल.

आता तुम्ही काय लिहायचं. माझी सवय अशी झाली होती की वही शेवटाकडनं उघडायची. आधी तीन ओळी, मग खुणा, मग निबंध. पोराचं मत आणि माझं मत जिथं जुळत नाही तिथंच पेन टेकवायचं. त्यानं प्रश्नचिन्ह काढलंय तिथं उत्तर द्यायचंच, ते ठरलेलं. पण त्याला जे वाक्य आवडलंय ते आपल्याला बेगडी वाटलं तर लगेच खोडू नका. 'हे तुला का आवडलं?' एवढंच विचारा. कधी कधी त्याचं बरोबर असतं. आणि उलटंही होतं. माझ्या वर्गातल्या हुशार पोरी नेमक्या चांगल्या वाक्यापुढं प्रश्नचिन्ह काढायच्या. तिथं 'हे छान आहे, खोडू नको' हा शेरा सगळ्या वहीत सगळ्यात मोलाचा असतो, कारण ती घरी जाऊन तेच वाक्य खोडणार असते. उरलेल्या चुकांपैकी एकच उचला, पोराला न दिसलेली. बाकीच्या पुढच्या वेळी. सगळ्या चुका दाखवल्या नाहीत म्हणून झोप येणार नाही, हे मला ठाऊक आहे. मलाही पहिले दोन महिने येत नव्हती.

एकदा पंचवीसेक वह्यांत प्रश्नचिन्ह शेवटच्या परिच्छेदाशी होतं. 'शेवट कसा करायचा कळत नाही.' 'शेवटी काय उपदेश लिहू?' पंचवीस वेळा उत्तर लिहायचं कशाला? ती चूक पोरांची नव्हतीच, निबंधाचा शेवट मी कधी शिकवलाच नव्हता. दुसऱ्या दिवशी एक तास फक्त शेवटावर घेतला आणि वह्यांत लिहिलं, 'उद्या वर्गात बोलू.' लाल पेनानं तपासत असताना ही गोष्ट मला कधीच कळली नव्हती. तेव्हा मी पंचवीस वेळा 'शेवट परिणामकारक नाही' असं लिहायचे.

आपल्याकडचा एक खास प्रश्न तुमच्याही वहीत येणार. 'बाई, आम्ही गेलतो लिहू का गेलो होतो?' नुसतं 'अशुद्ध' म्हणून खोडू नका, पोरगं स्वतःहून विचारतंय. मी उत्तर द्यायचे: 'तू सांगतोयस तिथं गेलो होतो. मित्र बोलतोय तिथं गेलतो.' असं कळलं की पोरं निबंधात मुद्दाम संवाद घालतात, आणि त्यांचं लेखन तिथंच जिवंत होतं.

शुद्धलेखनात मात्र मुलांच्या स्वतपासणीवर फार भिस्त ठेवू नका. 'पाणि' चुकीचं आहे हेच ज्याला माहीत नाही तो ते शोधणार कसं? महिन्याला एक नियम घ्यायचा. शब्दाच्या शेवटचा इकार-उकार दीर्घ, 'आणि', 'परंतु' अशी मोजकी अव्ययं सोडून. त्या महिन्यात पोरांनी तेवढंच बघायचं, आणि तुम्ही चूक असलेल्या ओळीसमोर समासात फक्त टिंब द्यायचं, शब्द त्यांनी शोधायचा. पत्रलेखनाचा आराखडा, जाहिरात, बातमी यांना नागमोडी रेघांची गरज नाही. दिनांक, मायना जागेवर आहे का बघा आणि पुढं चला.

मार्कांचं काय? सरावाच्या निबंधाला देऊ नका, चाचणीला द्या. इस्रायलमध्ये रूथ बटलर यांनी शाळकरी मुलांवर केलेला एक अभ्यास १९८८ साली प्रसिद्ध झाला. काही मुलांना नुसते मार्क, काहींना नुसता शेरा, काहींना दोन्ही. सुधारली ती नुसता शेरा मिळालेली मुलं. दोन्ही मिळालेल्यांची गत नुसते मार्क मिळालेल्यांसारखीच झाली. म्हणजे मार्कांशेजारी लिहिलेला शेरा वाया जातो, आणि त्यासाठी आपण रात्री जागतो. पोराच्या तीन ओळींना तर चुकूनही मार्क देऊ नका. दिलेत की त्या दिवसापासून तुम्हाला खोट्या चिठ्ठ्या यायला लागतील.

वेळेचा हिशोब तुम्ही मनात करत असणारच. ११८ वह्या पाच मिनिटांनी धरल्या तर जवळजवळ दहा तास. चिठ्ठीला उत्तर द्यायला सरासरी दोन मिनिटं धरा, चार तास. वाचलेले सहा तास झोपेसाठी आहेत असं मी म्हटलं असतं, पण त्यातलं थोडं परत वर्गात घाला. वह्या वाटल्यावर त्याच तासाला पंधरा मिनिटं द्या आणि प्रत्येकानं फक्त प्रश्नचिन्हाचा परिच्छेद नव्यानं लिहायचा. अख्खा निबंध पुन्हा लिहायला लावलात की ती शिक्षा होते. हा पंधरा मिनिटांचा भाग गाळलात तर बाकीचं सगळं करूनही वही दप्तरातच जाईल.

पालकांची तक्रार. बाई, ते निम्मे बरोबर आहेत हो. दहा खुणांच्या तक्त्यानं खरंच पोरालाच तपासायला लावलं होतं. आता वहीच्या पहिल्या पानावर दोन ओळी लिहून घ्या: 'पेन्सिलीच्या खुणा माझ्या. लाल उत्तर बाईंचं.' खाली पालकांची सही. प्रत्येक निबंधाखाली तुमची सही आणि तारीख न चुकता करा, कारण लाल रंग दिसला नाही की घरात माणसं घाबरतात. पालकसभेत भाषण देऊ नका. ज्याच्या-त्याच्या पाल्याची वही हातात द्या आणि तीन ओळी वाचायला लावा. आपलं पोरगं असा विचार करतं हे बऱ्याच आईबापांना तिथंच पहिल्यांदा कळतं. मुख्याध्यापकांना सांगायला तुमच्याकडं कागदही आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये समग्र प्रगतिपत्रकाची जी कल्पना आहे, तिच्यात शिक्षकांच्या मूल्यमापनाबरोबर विद्यार्थ्याचं स्वतःचं आणि सोबत्यांनी केलेलं मूल्यमापनही धरलेलं आहे. म्हणजे तुम्ही काही जगावेगळं करत नाही.

आता तो मुलगा. 'सगळंच चुकलंय.'

त्याला 'असं नाही बाळा, तू छान लिहितोस' असं लिहू नका. ते खोटं आहे हे त्याला तुमच्या आधी कळेल. चुकांची यादीही नको, ती त्यानं दोन शब्दांत दिलीच आहे. त्याच्या वहीत एक तरी वाक्य असं असेल जे त्याचं स्वतःचं आहे. ते शोधा, तुमच्या पेन्सिलीनं त्याखाली नागमोडी रेघ ओढा आणि विचारा, 'हे लिहिताना डोळ्यांसमोर काय होतं?' खाली दोन ओळी कोऱ्या सोडा. उत्तर नाही आलं तर मधल्या सुट्टीत नळापाशी गाठून विचारा, वर्गात नको.

माझ्याकडं असा एक होता. 'माझा आवडता प्राणी' म्हणून कुत्र्यावर पानभर लिहिलं होतं आणि खाली 'काय जमले नाही'. पानभर गाईड, आणि मधेच एक वाक्य, 'सकाळी त्याच्या अंगाला वाफ येते.' कुत्र्याच्या अंगाला कसली वाफ? मी रेघ ओढून विचारलं. तीन आठवडे उत्तर नाही. मग एका दिवशी वही परत करताना खाली मान घालून म्हणाला, "बाई, कुत्रं आमच्यात नाही. म्हस हाय."

मी म्हटलं, "मग म्हशीवर लिही."

त्यानं दीड पान लिहून आणलं. पहाटेची धार, बादलीतला आवाज आधी कसा येतो आणि भरत आली की कसा येतो, सगळं. तीन ओळींच्या जागी एकच ओळ होती: 'धार बरोबर काढली आहे का बघा.' मला धार काढता येत नाही. मी पेन्सिल घेतली आणि समासात माझं प्रश्नचिन्ह काढून त्याला वही परत दिली.